आप्पांची हजेरी

समितीच्या बैठकीला वेळेवर हजर असायची ती फक्त बिस्किटं. ती आधी येऊन टेबलावर बसत, मग एकेक सभासद उगवे, आणि बशी रिकामी होत आली की अध्यक्ष येत. डॉक्टरांनी पदवी भिंतीवर टांगली म्हणून शिकणं थांबवू नये, नवी औषधं, नव्या पद्धती समजून घेत राहावं, आणि तसं शिकल्याचे गुण गाठीशी असल्याखेरीज त्यांचा परवाना पुढे चालू राहू नये, एवढं पाहणं हे या समितीचं काम. ज्यांच्या हाती ते होतं त्यांनी स्वतः शेवटचं पुस्तक कधी उघडलं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

ताईची नेमणूक झाली तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपण काहीतरी करून दाखवू. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं होतं, "या व्याख्यानांना बसून डॉक्टर नेमकं शिकतात काय, हे आपण कधी तपासतो का?" सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं होतं, जणू तिने कुणाचा पगार विचारला. अध्यक्षांनी मायेनं समजावलं होतं, "मॅडम, शिकणं मोजता येत नाही. हजेरी मोजता येते." त्यानंतरचा अर्धा दिवस परिषदेत वाटायच्या पिशव्या कापडी असाव्यात की रेक्झिनच्या, या चर्चेत गेला होता. कान-नाक-घशाचे डॉक्टर तेव्हा रेक्झिनच्या बाजूचे होते आणि अजूनही आहेत.

त्या शनिवारी अध्यक्ष आले तेच हात चोळत. "यंदापासून आपण एक सन्मान सुरू करतोय. नाव ठेवलंय 'आजन्म विद्यार्थी'. ज्यांचे गुण सगळ्यात जास्त, त्यांना. आणि वय बघा हो त्या माणसाचं! लोक त्या वयात नातवंडं खेळवतात." मग त्यांनी नाटकी विराम घेतला आणि ताईकडे बोट केलं. "आपल्या मॅडमचे वडील!"

टाळ्या पडल्या. कान-नाक-घसावाल्यांनी हातातलं बिस्किट न सोडता टाळी वाजवली.

आप्पांना ती ओळखत होती. घरी येणारी वैद्यकीय नियतकालिकं वेष्टणासकट एकावर एक रचून आप्पांनी जेवणघराच्या खिडकीला टेकू दिला होता. 'मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. समितीचं नाव काढलं की ते ताईला 'मास्तरीणबाई' म्हणत आणि विचारत, "पेशंट रक्तात पडला असला तर आधी त्याला माझे गुण दाखवू का गं?"

"सर, काहीतरी चूक झाली असेल," ताई म्हणाली.

"बघा! काय नम्र घराणं आहे!" अध्यक्ष सगळ्यांना म्हणाले. "मॅडम, कॉम्प्युटर चुकत नाही. आणि हो, या सन्मानाबरोबर परवान्याचं नूतनीकरण आपोआप होणार, विनाचौकशी. एवढा मान तर द्यायलाच हवा."

ताई खाली बसली. तिचा सगळा बेत तिथल्या तिथे धुळीला मिळाला होता. गेल्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला होता. धाकटा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, भूलतज्ज्ञ. आप्पा ऑपरेशन करत तेव्हा तो पेशंटच्या उशाशी बसलेला असे. त्याने सांगितलं ते असं: पोट उघडून झालेलं, आप्पांचे हात आत, आणि आप्पांनी अचानक मान वर करून त्याला विचारलं होतं, "अरे, हा कशासाठी आलाय?" थट्टेनं नाही. खरंच विचारलं होतं.

आप्पांचा परवाना या महिन्यात संपत होता. गुण नाहीत म्हणजे नूतनीकरण नाही, म्हणजे चाकू आपसूक खाली. स्वतःच्या बापाला जे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, ते समितीच्या तोंडून वदवून घ्यायचं, असा ताईचा हिशेब होता. समितीला ती इतकी वर्षं नावं ठेवत आली, आणि नेमकी वेळ आली तेव्हा तिच्याच पदराआड लपायला निघाली होती. समितीनेही ताईला तिची लायकी दाखवून दिली. ताईला स्वतःची लाज वाटली, आणि सोमवारी सकाळी आप्पांच्या टेबलावर एका शाळेच्या मुख्याध्यापिका झोपणार आहेत हे आठवून लाजेच्या जागी धडकी भरली.

*

रविवारी दुपारी सगळे जेवायला आप्पांकडे जमले. खालचे मजले हॉस्पिटलचे आणि सगळ्यात वरचा घराचा, अशी ती इमारत. लिफ्टमधला फिनेलचा वास जेवणाच्या टेबलापर्यंत सोबत यायचा, पण तो कुणाला जाणवत नसे. बातमी ताईच्या आधी पोचली होती. अध्यक्षांनी रात्रीच आप्पांना फोन केला होता.

"या, या, मास्तरीणबाई!" आप्पा टेबलाच्या टोकाशी ताठ बसले होते. घरात असूनही त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "शेवटी कळलं म्हणायचं तुझ्या समितीला. मला वाटायचं, सगळे ठोंबेच भरलेत. एखादा तरी पारखी माणूस आहे तिथे."

वहिनी पाणी वाढत होती. तिचा हात थबकला. दादाची बायको, या घरातली थोरली सून, त्वचारोगतज्ज्ञ. आप्पांच्या लेखी त्वचा हा काही अवयव नव्हता. 'पावडर-डॉक्टर' म्हणायचे ते तिला, पाहुण्यांसमोरसुद्धा. आणि या पावडर-डॉक्टरने गेली पाच वर्षं आप्पांच्या नावाने ऑनलाइन चाचण्या सोडवल्या होत्या. गॅसवर भाजी शिजेपर्यंत एक स्वतःची, एक आप्पांची. आप्पांच्या चाचणीत ती एखादं उत्तर मुद्दाम चुकवायची, खरं वाटावं म्हणून. परवाना गेला तर हा माणूस दिवसभर घरात बसून आपल्याच डोक्यावर मिरी वाटणार, या एका भीतीने तिने ते केलं होतं. पण नुसत्या चाचण्यांनी कुणी पहिला येत नाही. बाकीचे गुण आले कुठून, हे तिला कळेना.

"आप्पा, तुम्ही कधी गेलात एवढ्या परिषदांना?" तिने साळसूदपणे विचारलं.

"अगं, जातो ना. म्हणजे... जात असेनच की. तसं म्हटलं तर रोजचं ऑपरेशन हीच परिषद." आप्पांनी घास घेतला. "आता भाषण द्यायचंय मला. अध्यक्ष म्हणाले, गेल्या पाच वर्षांत नवीन काय शिकलात ते सांगा. सगळे डॉक्टर येणार आहेत ऐकायला. नंतर प्रश्नोत्तरं."

दादाला ठसका लागला. आईने त्याच्या पाठीवर थोपटलं.

"उद्याचं ऑपरेशन आहे ना, आप्पा?" ताईने विचारलं. तिने घास उचललाच नव्हता.

"आहे तर! मुख्याध्यापिकाबाई. त्यांच्या आईचं मीच केलं होतं. लंबूला म्हणाल्या, 'तू बाजूला हो, मला साहेबांचाच हात हवा.'" लंबू म्हणजे हॉस्पिटलमधला तरुण सर्जन. आप्पा त्याला उंचीपलीकडे कसलंही श्रेय देत नसत. "बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं."

धाकट्याने ताईकडे पाहिलं आणि लगेच नजर ताटात घातली.

जेवण झाल्यावर आप्पा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसले, पाय स्टुलावर ठेवले, डोळे मिटले. टेबलावरचे सगळे जागच्या जागी थांबून राहिले. या घरात महत्त्वाचं बोलणं आप्पांच्या डुलकीतच व्हायचं. हॉस्पिटलचा नवा मजला, दादाचं लग्न, ताईचं मोडलेलं लग्न, धाकट्याने सर्जन न होता भूलतज्ज्ञ व्हायचं ठरवणं, सगळं याच टेबलावर, आप्पांचा श्वास लांबला की ठरलेलं. जागेपणी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता, कारण जागेपणी फक्त तेच बोलत.

श्वास लांबला.

"कुणी केलं हे?" ताईने हळू आवाजात विचारलं.

"काय केलं?" दादा म्हणाला.

"दादा, मला शेंडी लावू नकोस. आप्पांनी पाच वर्षांत जिना उतरून एक व्याख्यान ऐकलेलं नाही. गुण कुणी मिळवले?"

दादाने हातातला रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. तोही डॉक्टरच, पण स्टेथोस्कोप सोडून त्याला कैक वर्षं झाली होती. आता तो हॉस्पिटल चालवायचा. इमारतीवरची पाटी आप्पांच्या नावाची, लोक येत ते आप्पांच्या नावावर, आणि आपण त्या नावाचे रखवालदार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रखवालदाराला जे करावं लागतं ते त्याने केलं होतं. ही बहीण मात्र समितीवर बसून टेंभा मिरवायची आणि एरवी याच हॉस्पिटलात स्वतःची ओपीडी चालवायची.

"मी केलं," तो म्हणाला. "परिषद असली की ऑफिसमधल्या कारकुनाला आप्पांचं कार्ड देऊन पाठवायचो. सकाळी हजेरीच्या यंत्राला टेकवायचं, संध्याकाळी टेकवायचं. मधे तो सिनेमाला जातो. आता बोला, समितीबाई."

"तू कार्ड पाठवायचास?" वहिनी जवळजवळ ओरडलीच. मग आरामखुर्चीकडे बघून तिने आवाज खाली आणला. "मला सांगायचंस तरी! मी इथे रोज चाचण्या सोडवतेय त्यांच्या नावावर!"

"तू?" दादा बायकोकडे बघतच राहिला. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

धाकट्याने घसा खाकरला. "दर बुधवारी आपल्या हॉलमध्ये व्याख्यान असतं ना... त्याला वक्ता म्हणून मी आप्पांचं नाव टाकायचो. बोलायचा लंबू. वक्त्याला दुप्पट गुण मिळतात."

ज्या घराण्यात एकमेकांना मीठ द्यायलासुद्धा दोनदा सांगावं लागे, त्यात तिघांनी न सांगता, एकमेकांच्या चोरून, एकच काम इतकं मन लावून केलं होतं. त्या कामाने आप्पा सगळ्या डॉक्टरांत पहिले आले होते.

"आणि मी," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आईचा वैद्यकीशी संबंध एवढाच, की लग्न झाल्यापासून ती डॉक्टरांना वाढत आली होती.

"मी काही शिकलेसवरलेली नाही बाबा तुमच्यासारखी. दुपारी हे त्या कॉम्प्युटरवर समितीचं व्याख्यान लावतात, चुका काढायला म्हणून, आणि घोरायला लागतात. मग ते कॉम्प्युटर सारखं विचारतं, 'आपण उपस्थित आहात का?' उत्तर दिलं नाही की बंद पडतं. मग हे जागे होतात आणि माझ्यावर खेकसतात. म्हणून मी आपली बसते शेजारी विणत. विचारलं की 'होय' दाबते."

"रोज?" ताईने विचारलं.

"रविवारीसुद्धा," आई म्हणाली.

ताईने दोन्ही हातांनी डोकं धरलं. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं, आणि दोन्हीला वेळ नव्हता. "ऐका. परवाना नवा होईल आता, कुणी काही विचारणार नाही. पण उद्या सकाळी त्या बाईंचं पोट आप्पा उघडणार आहेत. धाकट्या, सांग यांना."

"ताई, नको ना."

"सांग."

धाकट्याने सांगितलं. सांगताना तो चमच्याने टेबलक्लॉथवर रेघा ओढत होता. हे ऐकलं आणि वहिनी खुर्चीत मागे रेलली. आतापर्यंत आप्पांचा परवाना टिकावा म्हणून ती नवऱ्याच्या बाजूची होती. ती बाजू तिने तिथेच सोडली.

"मग कुणी पुरं केलं ऑपरेशन?" तिने विचारलं.

"लंबूने. आप्पा बाजूला उभे राहून सूचना देत होते. बऱ्याचशा बरोबर होत्या."

"बऱ्याचशा!" वहिनी म्हणाली. "उद्या थांबवा त्यांना. काहीही करा."

"आणि काय सांगायचं?" दादा उसळला. "लंबूला उभा करतो ना मी शेजारी! जसं चाललंय तसं चालेल. भाषण आपण लिहून देऊ, प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांना बरं वाटत नाही म्हणू. वर्षभराने मोठा समारंभ करून निवृत्त करू. आता तोंड उघडलंत तर नुसते आप्पा नाही जाणार, खोटे गुण भरले म्हणून आपल्या सगळ्यांचे परवाने जातील. ताई, तुला नको तिथे खरं बोलायची हौस आहे. पण हे घर आहे, समिती नाही."

"दोन्हींत फरक मला तरी दिसत नाही," ताई म्हणाली. "दोन्हीकडे हजेरी मोजतात."

*

आरामखुर्चीत आप्पांचे डोळे मिटलेले होते. ते झोपलेले नव्हते. जेवणानंतर त्यांना झोप अशी कधी लागतच नसे. डोळे मिटले की घरातले लोक खरं बोलतात, हे त्यांच्या फार पूर्वी ध्यानात आलं होतं, आणि ती सोय त्यांनी आयुष्यभर वापरली होती. ताईचं लग्न मोडतंय हे त्यांना असंच कळलं होतं. धाकट्याला रक्त पाहवत नाही हेही. खरी डुलकी लागे ती व्याख्यानांना, आणि त्याचा दोष ते व्याख्यात्यांना देत.

आज मात्र त्यांना धाकट्याचं ते वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येत होतं. हा कशासाठी आलाय. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवसाचा दिवा आठवला, नर्सच्या चष्म्यावरची वाफ आठवली, हात धुतल्याचं आठवलं. ते वाक्य आठवेना. आपण ते बोललोच नाही, पोरगा बनवाबनवी करतोय, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण सांगताना त्याचा चमचा टेबलावर खरखरत होता, आणि या पोराला खोटं बोलताना तसला चाळा लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. आप्पांना भीती वाटली. इतकी भीती त्यांना आजवर कुठल्याच पेशंटसमोर वाटली नव्हती.

त्यांनी डोळे उघडले.

"धाकट्या, इकडे ये."

धाकटा उठून खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला.

"मी विचारलं तसं?"

"आप्पा, तुम्ही... तुम्ही जागे होतात?"

"या घरातलं एकही महत्त्वाचं बोलणं मी चुकवलेलं नाही. मी विचारलं का, ते सांग."

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

"पित्ताशय, म्हणालो."

"मग मी काय म्हणालो?"

धाकट्याचे डोळे भरून आले. "तुम्ही म्हणालात, 'अरे हो, विसरलोच.' आणि हसलात."

आप्पांनी खिडकीकडे पाहिलं. वेष्टणातली नियतकालिकं खिडकीला टेकून उभी होती.

"आप्पा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," दादा पुढे झाला. "वयोमानाने होतं थोडंफार. आम्ही आहोत ना सांभाळायला."

"गप्प बस!" आप्पांचा तो आवाज खालच्या वॉर्डातही ओळखला असता. "सांभाळायला! कारकुनाने माझी हजेरी लावली, पावडर-डॉक्टरने माझा अभ्यास केला, लंबूने माझी व्याख्यानं दिली, आणि बायकोने मी जागा असल्याची साक्ष दिली. सगळ्यांनी मिळून मला पास केलंत. गाढवांनो, त्या पेशंटला कुणी विचारलं?"

मग त्यांची नजर ताईवर येऊन थांबली.

"आणि तू, मास्तरीणबाई. तुला तर आठवडाभर माहीत होतं. तू काय करत होतीस?"

"परवाना संपायची वाट बघत होते," ताई म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायची भीती वाटत होती, आप्पा."

"माझी?"

"तुमचीच. दुसऱ्या कुणाची वाटते या घरात?"

आप्पांनी हात पुढे केला. "अध्यक्षांना फोन लाव. आत्ता."

"आप्पा, विचार करा," दादा अजिजीने म्हणाला. "आमचे परवाने जातील."

"जाऊ देत. परत मिळवा. शिकून."

ताईने फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"अरे वा, साहेब! भाषणाचा विषय ठरला वाटतं?" अध्यक्षांचा आवाज खोलीभर पसरला.

"ठरला. लिहून घ्या. 'माझ्या नावावरचे सगळे गुण खोटे आहेत.'"

पलीकडून मोठ्याने हसू आलं. "साहेब, तुमचा विनोद ऐकून होतो, आज अनुभवला!"

"मी विनोद करत नाहीये. मी एकाही व्याख्यानाला जागा राहिलेलो नाही. सन्मान परत घ्या आणि परवाना बंद करा."

हसू हळूहळू ओसरलं. "मॅडम आहेत का तिथे?"

"सर, आप्पा म्हणतायत ते खरं आहे," ताई म्हणाली. "गुण आमच्या घरातल्यांनी भरलेत. चौकशी करा. मी लेखी देते."

"मॅडम, मॅडम, मी हे ऐकलंच नाही." अध्यक्षांचा आवाज एकदम कामाचा झाला. "पत्रिका छापून झाल्यात. मंत्रीमहोदयांची वेळ मिळालीय, ती काय रोज मिळते? तुम्हाला लेखी द्यायचं तर जरूर द्या, तुमचा हक्क आहे. पुढच्या बैठकीत घेऊ."

"पुढची बैठक कधी आहे?"

"समारंभ झाला की लगेच," अध्यक्ष म्हणाले. "आणि साहेबांना सांगा, नूतनीकरण मी कालच सही करून टाकलंय. निश्चिंत राहा म्हणावं."

फोन बंद झाला. दादाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, आणि तो लपवायला त्याने रुमाल तोंडावर फिरवला. ताईला अध्यक्षांची किळस आली. आप्पांना थांबवायला आता कुणीही येणार नव्हतं. त्यांच्या हातात पुढच्या पाच वर्षांचा नवाकोरा परवाना होता.

"लेखी दे तू," आप्पा तिला म्हणाले. "समारंभानंतर तर समारंभानंतर. सगळ्यांची नावं घाल. माझं पहिलं." मग ते धाकट्याकडे वळले. "लंबूला सांग, उद्या मुख्याध्यापिकाबाईंचं त्यानेच करायचं. मी खाली जाऊन बाईंना सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही."

"मी येऊ बरोबर?" धाकट्याने विचारलं.

"ये. मधेच विसरलो तर आठवण कर."

हे ते इतकं सहज बोलले, की वहिनीला रडू फुटलं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला किती पडायचे गं माझ्या चाचणीत?"

"नव्वदच्या वर," ती डोळे पुसत म्हणाली. "एखादं मुद्दाम चुकवायचे."

"एवढं येतं तुला," आप्पा म्हणाले. त्या दिवसानंतर ते तिला कधी पावडर-डॉक्टर म्हणाले नाहीत, पण दुसरं काही म्हणायचीही त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते तिला काहीच म्हणत नसत.

ते उठणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावरून बारीक घंटी वाजली. जेवणं आटोपल्यावर आज आईनेच त्यांच्या वतीने व्याख्यान लावून ठेवलं होतं. आवाज बंद होता. पडद्यावर एक टक्कल पडलेला माणूस मुक्याने हातवारे करत होता, आणि त्याच्या छातीवर पाटी उमटली होती: आपण उपस्थित आहात का? खाली 'होय' असं हिरवं बटण.

आई सवयीने विणकाम बाजूला ठेवून उठली. तिचं बोट बटणापर्यंत गेलं.

"थांब," आप्पा म्हणाले.

"अहो, बंद पडेल ते."

"पडू दे."

आईने बोट मागे घेतलं. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. पाटी थोडा वेळ तशीच राहिली, मग टकल्या माणसाचे हात हवेत असतानाच चित्र गेलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: आपण अनुपस्थित असल्याने सत्र समाप्त करण्यात येत आहे.

आप्पांनी चष्मा लावून ते नीट वाचलं.

"चला," ते ताईला म्हणाले, "तुझ्या समितीला एक तरी गोष्ट बरोबर कळली." आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून ते मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीकडे जायला निघाले.